यादीतली एकच बिश्या

फान क्वोतुंगला आयुष्यात एकच गोष्ट मनापासून येत होती, आणि नेमकी तिचीच कुणाला गरज पडत नव्हती. कांगशान गावच्या एका स्क्रूच्या कारखान्यात तो बावीस वर्षं माहिती विभागात होता. कुठल्या मापाचा स्क्रू कुठल्या गिऱ्हाइकाला कधी गेला हे डेटाबेसला विचारायचं आणि आलेलं उत्तर छापून साहेबांच्या टेबलावर ठेवायचं, एवढं त्याचं काम. साहेब ते वाचत नसत. घरी बायको शुमेई जेवताना 'आज काय केलंस' असं न चुकता विचारायची, पण त्याचं उत्तर दुसऱ्या वाक्यावर यायच्या आत तिला भात बघायला उठावं लागायचं. अशा माणसाच्या दारात बाओशेंग देवाच्या देवळाचे अध्यक्ष त्सेंग स्वतः चालत आले आणि म्हणाले, "फान, तुझ्या डोक्याचं काम आहे." त्या दिवशी त्याची छाती किती फुगली असेल हे मी सांगत बसत नाही.

काम असं होतं. पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला देवळात विनंतीपत्र वाचतात. ज्यांचं जन्मवर्ष चालू वर्षाच्या देवतेशी भांडतंय त्यांची, आणि ज्यांनी ज्यांनी देवळात नावाचा दिवा लावलाय त्या सगळ्यांची नावं पुरोहितबुवा गुडघ्यावर बसून मोठ्याने वाचतात आणि मग कागद जाळतात. धूर वर गेला की अर्ज दाखल झाला. अडचण एवढीच की हल्ली एकेक माणूस चार-चार दिवे लावतो. एक तब्येतीचा, एक नातवाच्या परीक्षेचा, एक दुकानाचा, एक वर्षदेवतेचा. चार दिवे म्हणजे चार नोंदी, आणि नाव चारदा वाचायचं. गेल्या वर्षी वाचन पावणेचार तास चाललं आणि शेवटी बुवांना दोघांनी काखेत हात घालून उभं केलं. या वर्षी बुवांनी निरोप पाठवला होता की एक तर यादी छोटी करा, नाही तर पुरोहित बदला.

"एका गल्लीची एक ओळ," अध्यक्ष म्हणाले. "तिच्यात गल्लीतली सगळी नावं एकापुढे एक, आणि कुठलंही नाव दुसऱ्यांदा नको. जमेल?"

फान हसला. "चार ओळींचं काम आहे, अध्यक्षसाहेब."

आणि खरंच चार ओळींचंच होतं. त्याच्यावर अन्याय नको म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. गल्लीवार गट कर, परत आलेली नावं गाळ, उरलेली स्वल्पविराम घालून जोड, असं त्याने यंत्राला सांगितलं आणि यंत्राने ते डोळ्याचं पातं लवायच्या आत केलं. पुढे जे रामायण झालं ते चुकीचं उत्तर मिळालं म्हणून नाही. जे मागितलं तेच मिळालं म्हणून झालं.

पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी सूचना मात्र आली होती. कारखान्यात असल्या सूचना दिवसाला पन्नास येतात. फानने ती सवयीने बंद केली आणि आवळा-पावडर लावलेले पेरू खात यादी छापली. सगळं मिळून पाच पानं. गेल्या वर्षी बासष्ट होती.

ती पाच पानं बघून खूश न झालेला एकच माणूस होता, तो म्हणजे कू मास्तर. वय एक्क्याऐंशी, चाळीस वर्षं शाळेत आणि चाळीस वर्षं देवळाच्या विनंतीपत्रावर हात चालवलेला. मास्तर प्रत्येक नावाखाली जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि घराचा नंबर कुंचल्याने लिहीत.

"जन्मतारखा कुठे गेल्या?" मास्तरांनी विचारलं. "आणि पत्ते?"

"काढले, मास्तर. त्यांच्यामुळेच तर लांबत होतं. देवाला काय माहीत नसतं कोण कोण ते?"

"देवाला माहीत असेलच," मास्तर चष्मा पुसत म्हणाले. "पण देवाकडेही कुणीतरी कारकून असणार ना रे."

फानला हसू आलं आणि त्याने ते दाबलं नाही. सगळ्यात मोठी चूक तीच, असं शुमेई अजून म्हणते.

आता या यादीत फानच्या घरचं काय अडकलं होतं ते सांगायला हवं. त्याच्या सासूबाई, लाई बिश्या, वय पंचाहत्तर. उजवा गुडघा पार कामातून गेलेला. जिन्यावरून दोनदा पडल्या होत्या, दुसऱ्यांदा तर मनगट मोडून घेतलं. दोन वर्षं मागे लागल्यावर गुडघ्याच्या ऑपरेशनला कशाबशा तयार झाल्या होत्या. तारीख तेवीस, म्हणजे पौर्णिमेनंतर आठच दिवसांनी. त्यांची एकच अट होती. या वर्षाची देवता त्यांच्या जन्मवर्षाशी भांडत होती, म्हणून आधी देवापुढे नाव वाचलं गेलं पाहिजे. "माझ्या कानांनी नाव ऐकलं की मी मोकळी," त्या म्हणाल्या होत्या. "मग काय कापायचंय ते कापा."

पौर्णिमेला सगळं गाव गुडघ्यावर बसलं. सासूबाई तेवढ्या स्टुलावर होत्या. वाचन सुरू झालं आणि पहिल्याच नावाला कुजबुज उठली. मास्तर मानाप्रमाणे लिहीत, आधी म्हातारेकोतारे, मग कारभारी, मग बाकीचे. यंत्राला मान-अपमान ठाऊक नाही. त्याने आपल्या हिशेबाने नावं लावली होती आणि सगळ्यांच्या आधी निघाली ती बोकडाच्या रश्शाचं दुकान चालवणाऱ्या चियांगची सून, जिला लग्न होऊन गल्लीत येऊन दोन महिनेही झाले नव्हते. ती बिचारी लाजून इतकी खाली वाकली की कपाळ फरशीला लागलं.

मग फानची सात नंबरची गल्ली आली. "लाई बिश्या," बुवांनी वाचलं.

स्टुलावर सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले. देवळाच्या दुसऱ्या बाजूला आणखी एका म्हातारीने डोळे मिटून हात जोडले. बुवा पुढच्या नावावर गेले, मग त्याच्या पुढच्या. गल्ली संपली. दोघींचे हात जोडलेलेच होते. मग दोघींनी एकाच वेळी डोळे उघडले आणि एकमेकींकडे पाहिलं, तीस वर्षांत पहिल्यांदा.

कारण सात नंबरच्या गल्लीत लाई बिश्या दोन आहेत. एकाच गावच्या, एकाच साली जन्मलेल्या, एकाच गल्लीत समोरासमोर दिलेल्या. तीस वर्षांपूर्वी फानच्या सासूबाईंच्या भावाने जपानहून बहिणीला लोकरीचा स्वेटर पाठवला, पोस्टमनने तो समोरच्या बिश्येला दिला, आणि तिने अख्खा हिवाळा तो घातला. कांगशानला स्वेटर लागतो वर्षातून आठ दिवस. पण तेवढ्यावर दोघींनी तीस वर्षं अबोला धरला होता. दोघींचे प्रत्येकी तीन दिवे, म्हणजे नोंदी सहा. परत आलेलं नाव गाळ, असं फानने सांगितलं होतं. यंत्राने सहातून पाच गाळल्या.

एवढ्यावर भागलं असतं तरी निभावलं असतं. पण पुढे बारा नंबरची गल्ली होती, आणि ती गावातली सगळ्यात मोठी. तिथे पंच्याऐंशी नावं नीट वाचली गेली. शहाऐंशीव्याला बुवा म्हणाले, "त्सेंग," आणि थांबले. आडनावापुढे कागद कोरा होता. अध्यक्षांनी पहिल्या रांगेतून मान वर केली. बुवा जुने जाणते होते. त्यांनी घसा खाकरला आणि तेरावी गल्ली घेतली. अध्यक्षांचं पहिलं नाव, त्यांच्या सौभाग्यवती आणि त्यांच्यामागची एक्केचाळीस माणसं त्या खाकरण्यात गेली. त्या पिवळ्या सूचनेत हेच लिहिलेलं होतं, की ओळ फार लांब झाली, पुढचं कापलंय.

सगळं एक्केचाळीस मिनिटांत आटपलं. बुवा कुणाचा हात न धरता उठले, फानच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "उत्तम काम," आणि कागद भट्टीत टाकला. त्या दिवशी फानची स्तुती करणारे ते पहिले आणि शेवटचे.

"माझं नाव झालं ना?" देवळाच्या पायरीवर सासूबाईंनी विचारलं.

"झालं की, आई. सगळ्यांनी ऐकलं."

"मग तिचं कधी झालं?"

फानने यादीची प्रत काढली. बोट ठेवून सातव्या गल्लीवरून खालून वर आणि वरून खाली गेला. सासूबाई बघत होत्या. त्या फार शिकलेल्या नव्हत्या, पण आपलं नाव त्यांना वाचता येत होतं आणि एकपर्यंत मोजताही येत होतं.

"एकदाच आहे," त्या म्हणाल्या. "मग ते तिचंही असू शकतं."

"तसं नाही, आई, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या..."

"तेवीस तारीख रद्द कर," सासूबाई म्हणाल्या आणि शुमेईच्या खांद्याला धरून एकेक पायरी उतरू लागल्या. चौथ्या पायरीवर गुडघा लचकला. शुमेईने नवऱ्याकडे जे पाहिलं त्यात पुढच्या सहा महिन्यांचं जेवण दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी फान देवळाच्या कचेरीत गेला. तिथे कळलं की बारा नंबर गल्लीचं पुरवणी विनंतीपत्र कालच दुपारी रवानाही झालं. अध्यक्षांनी कौल लावला होता. तीनदा लागोपाठ होकार, एका दमात. देवालाही अध्यक्षांचं पूर्ण नाव माहीत असलेलं सोयीचं वाटलं असावं.

"मग आमचीही पुरवणी जाऊ द्या, अध्यक्षसाहेब. एकच नाव आहे."

"ते नाव गेलंय ना पण," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा राग उतरला नव्हता. "आमचं गेलंच नव्हतं, म्हणून पाठवलं. तुझ्या सासूबाईंचं वाचलं गेलं, जाळलं गेलं. गेलेलं नाव परत पाठवायचं कसं? अरे फान, एक नाव दोनदा जाऊ नये म्हणून तर तुला बोलावलं होतं."

याला फानकडे उत्तर नव्हतं. बावीस वर्षं तो हेच लोकांना सांगत आला होता.

गल्लीला मात्र उत्तरं पुष्कळ सुचली. सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत आणि चियांगच्या दुकानात बसायला बाकं आहेत. स्वतः चियांगचं मत होतं की भट्टीतली राख काढून तिच्यावर जन्मतारीख लिहावी. औषधवाल्या बाईंनी सांगितलं की त्यांच्या मावशीच्या गावी अशाच वेळी देवाच्या नावे रजिस्टर पत्र टाकतात, पोचपावतीसकट. पोचपावतीवर कोण सही करतं, हे त्यांना विचारायचं राहून गेलं होतं. चियांगची सून म्हणाली की सगळ्यात सोपं म्हणजे दोघींपैकी एकीने सरकारदरबारी नाव बदलून घ्यावं. फानला हे पटलं. त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, लोकवस्ती नोंदणी कचेरीत नंबर घेऊन तास-दीड तास बसला आणि खिडकीवरच्या बाईंना सगळं समजावलं.

"नाव बदलता येईल," त्या बाई म्हणाल्या. "पण ज्या बदलतील त्यांचं जुनं नाव आमच्याकडे राहणार नाही. मग देवाकडे जे गेलंय ते आपोआप दुसरीचं होईल. चालेल तुमच्या सासूबाईंना?"

फानने घरी येऊन हे सांगितलं. सासूबाई शेंगदाणे सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "समोरचीला विचार. तिला नाव बदलायचं असेल तर माझी हरकत नाही." समोर जाऊन विचारलं तर समोरच्या बिश्याकाकूही शब्दशः हेच म्हणाल्या.

तेवीस तारखेला चार दिवस उरले. डॉक्टरांच्या सहायक बाईंनी फोन करून सांगितलं की आता रद्द केलंत तर पावसाळ्यानंतरच तारीख मिळेल. त्या संध्याकाळी सासूबाई न्हाणीघरातून बाहेर येताना भिंत धरून अर्धा मिनिट तशाच उभ्या राहिल्या. फानने ते पाहिलं. तोवर त्याला स्वतःच्या अपमानाचं वाईट वाटत होतं. त्या वेळी मात्र तो खरोखर घाबरला.

तो कू मास्तरांकडे गेला. मास्तरांनी त्याला बसायला सांगितलं नाही आणि हसलेही नाहीत, दुसरी गोष्ट जास्त लागली.

"देवालाच विचार," मास्तर म्हणाले. "नाव कुणाचं म्हणून. पण विचारणारा तू. घोळ तुझा आहे."

मग रविवारी सकाळी पुन्हा देऊळ भरलं. दोन्ही बिश्या दोन खांबांना टेकून स्टुलांवर बसल्या. फान मधोमध गुडघ्यावर, हातात कौलाची दोन चंद्रकोरी लाकडं. एक पालथं आणि एक उताणं पडलं तर होकार. दोन्ही पालथी पडली तर नकार. दोन्ही उताणी पडली तर देव हसला, म्हणजे प्रश्नच नीट विचारलेला नाही.

"माझ्या सासूबाईंचं आहे का ते नाव?" फानने विचारलं आणि लाकडं टाकली. दोन्ही उताणी. देव हसला.

"मग समोरच्या बिश्याकाकूंचं?" पुन्हा उताणी.

"आपण माझ्यावर रागावलात का?" तिसऱ्यांदाही उताणी. मागे चियांगसुद्धा हसला, पण तो देव नव्हता, म्हणून फानने वळून त्याच्याकडे रागाने बघितलं.

"थांब," मास्तर म्हणाले. "तू कोण बोलतोयस ते सांगितलंस का? नाव सांग. जन्माचं वर्ष, महिना, दिवस सांग. घराचा नंबर सांग. असे कितीतरी फान येत असतील त्यांच्याकडे."

सगळ्या गल्लीदेखत फानला ते सांगावं लागलं. जन्मतारखेत महिना चुकला तो शुमेईने मागून दुरुस्त केला. मग मास्तर म्हणाले, "आता विचार, नाव दोघींचं मिळून आहे का."

फानने विचारलं. होकार. परत टाकलं, होकार. तिसऱ्यांदा एक लाकूड गोल गोल फिरत सासूबाईंच्या स्टुलाखाली गेलं आणि सगळे वाकून बघू लागले. होकार.

अध्यक्षांनी लगेच वहीत नोंद केली की सात नंबरच्या गल्लीतलं लाई बिश्या हे नाव या वर्षापुरतं दोघींचं सामाईक आहे, तक्रार निकाली. फानने सुटकेचा निःश्वास टाकला. तो त्याने फार लवकर टाकला.

"म्हणजे माझ्या वाटणीला अर्धा देव," घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या. "अर्ध्या देवावर मी गुडघा कापून घेऊ? उरलेला अर्धा समोर बसून टीव्ही बघत असेल."

"मग काय करायचं, आई?"

सासूबाईंनी बराच वेळ शेंगदाणे सोलले. "हॉस्पिटलात ती पण आली पाहिजे," त्या म्हणाल्या. "मी सांगणार नाही. तू जा. तूच जोडलंयस आम्हाला."

सात नंबरची गल्ली आठ पावलं रुंद आहे. फानला ती ओलांडायला दहा मिनिटं लागली. बिश्याकाकूंनी दार अर्धंच उघडलं. त्याने सगळं सांगितलं.

"तिला सांग, येते," काकू म्हणाल्या. "तिच्यासाठी नाही येत. माझं अर्धं नाव तिच्याबरोबर चाललंय. भूल देऊन ते कुठे नेतायत, हे मला बघायला नको?"

तेवीस तारखेला टॅक्सीत मागे दोघी दोन खिडक्यांना चिकटून बसल्या आणि मधल्या जागेत शुमेई अंग चोरून. हॉस्पिटलात वातानुकूलन एवढं होतं की फानच्याही अंगावर काटा आला. सासूबाई पातळ झग्यात चाकाच्या खुर्चीवर कुडकुडत होत्या. बिश्याकाकूंनी पिशवीतून काहीतरी काढलं आणि त्यांच्या खांद्यावर टाकलं. राखी रंगाचा, कोपराला रफू केलेला लोकरीचा स्वेटर.

सासूबाईंनी बाही चाचपून पाहिली. "रफू कुणी केलं?"

"मी. दुसऱ्या वर्षी."

"हा एकच हिवाळा घातलास म्हणाली होतीस."

"म्हणाले होते," काकू म्हणाल्या. "घाल आता. थंडी वाजतेय तुला."

सासूबाईंनी स्वेटर घातला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी त्याच्याच बाहीने पुसलं. शुमेई भिंतीवरचा तक्ता वाचू लागली आणि फानला उगाच आपल्या बुटांची नाडी सैल वाटली.

तेवढ्यात दार उघडून नर्स बाहेर आली. "लाई बिश्या."

दोघींनी हात वर केले.

नर्सने एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. तिला काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. "नुसत्या नावावर आम्ही आत नाही घेत, आजी," ती म्हणाली. "जन्मतारीख आणि पत्ता सांगा."

सासूबाईंनी सांगितलं. नर्सने मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिलं, खूण केली आणि खुर्चीला हात घातला. सासूबाईंनी तो हात धरून थांबवला.

"बाई, हे जरा माझ्या जावयाला समजावून सांगा," त्या म्हणाल्या. "तो शिकलेला आहे, त्याला वेळ लागेल."

नर्स प्रामाणिक होती. आत लोक खोळंबले असतानाही तिने फानला बाजूला घेतलं आणि दोन माणसांचं नाव एकच असू शकतं, म्हणून नुसतं नाव कधीच पुरत नाही, हे सावकाश, दोनदा समजावून सांगितलं. फानने दोन्ही हात पाठीमागे बांधून ऐकलं. पलीकडे बिश्याकाकू कान देऊन ऐकत होत्या, आणि चाकाच्या खुर्चीतून सासूबाईही.

"पत्तासुद्धा?" शेवटी फानने विचारलं.

"पत्तासुद्धा," नर्स म्हणाली आणि एका बिश्येला आत घेऊन गेली.